अठ्ठ्याण्णववर थांबलेला थर्मामीटर

चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोच्या मामांइतका उकळत्या पाण्याचा मान राखणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल, आणि त्यांचा थर्मामीटर कचऱ्यात टाकणारा माणूस मी आहे.

मामा खडकीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, तिथेच एकटे राहणारे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी काचेचा लांब थर्मामीटर. लग्नात सरबताचा पेला हातात आला की आधी तो त्यात बुडणार. "बर्फ आहे तोवर हे शून्याच्या आसपासच राहणार," असं वधूपित्याला ऐकवून मगच पहिला घोट. आमच्याकडे चहाच्या आधणाला उकळी फुटली की स्वतः उठून गॅस बारीक करत. "आता कितीही जाळ लावा, पाणी आणखी तापणार नाही." मग ती उष्णता जाते कुठे, हे मी त्यांना वीस वर्षं विचारत आलो. "पाहुणे उठले म्हणजे लगेच गेले का, जावईबापू? दारात अर्धा तास जातोच. पाण्याची वाफ होताना तसंच." मी मान डोलवायचो. पाहुणे कळायचे, पाणी नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घरी, ते अंघोळीला गेलेले असताना, मी चहाचं आधण ठेवलं आणि हौसेनं थर्मामीटर बुडवला. अठ्ठ्याण्णव. गॅस मोठा केला. अठ्ठ्याण्णवच. पाणी शंभराला उकळतं, एवढं शाळेतलं पक्कं होतं. म्हणजे हा बिघडला! खाली घंटागाडी आलीच होती. नवा आणून चकित करू, असं ठरवून टाकून आलो. मामा शोधू लागले तेव्हा मात्र तोंडातून निघालं, "तुम्हीच ठेवला असेल कुठेतरी." असं का म्हणालो, देव जाणे.

नवाही अठ्ठ्याण्णववरच थांबला. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "अहो, पुणं उंचावर आहे, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. शंभरच हवे असतील तर मुंबईला जाऊन उकळा."

लाजेनं महिनाभर गप्प बसलो. मग एक दिवस बायको म्हणाली, "मामांनी गॅस पेटवणंच सोडलंय. डबा लावलाय. म्हणतात, थर्मामीटर कुठे ठेवला ते आठवत नाही, उद्या गॅस बंद करायला विसरेन."

तसाच खडकीला गेलो. मामांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. "चहा बाहेर घेऊ या," ते नजर चुकवून म्हणाले.

"मामा, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. थर्मामीटर मी टाकला आणि वर खोटं बोललो. तो बरोबर होता, तुम्हीही बरोबर होता. मला त्यातलं अजून नीट कळलेलं नाही, पण मला माफ करा."