शेवट आधी दाखवला म्हणून

“शेवटचं रीळ आधी लावलंस व्हय रं?” असं ओरडत माणसं काठ्या घेऊन माझ्या थोरल्या भावावर धावून गेली. धावड्याच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाची मशीन तो चालवायचा. त्या दिवशीच्या काळ्यापांढऱ्या सिनेमात नायक सुरुवातीलाच गोळी लागून पडला आणि मरता मरता स्वतःच आपली आणि एका सिगरेट ओढणाऱ्या बाईची गोष्ट सांगू लागला. भाऊ मशीनला पाठ लावून म्हणत होता, “दादा, सिनेमाच तसा हाय, रीळ बराबर हाय.” पण ऐकतं कोण! एकानं त्याची गचांडी धरली. मी तेव्हा लहान, मशीनमागं दडून बघत होते. तेवढ्यात बायकांतून आमची आत्या कडाडली, “मौतीला गेल्यावर काय करता रं? माणूस मेल्याचं आधी कळतं, मंग बसून कसा मेला ते ऐकता न्हाई का? तसंच बसा की खाली!” मागून कुणीतरी म्हणालं, “त्या सिगरेटवाल्या बाईपायीच मेला असंल!” सगळा तंबू हसला, काठ्या खाली आल्या. परवा नातीच्या मोबाईलवर तसलाच सिनेमा लागला, पहिल्यालाच मुडदा. ती म्हणाली, “आजी, शेवट तर कळला, आता काय बघायचं?” मी तिला बसवलं आणि हे सांगितलं. त्या रात्री पडद्यावरचा माणूस मेला. माझा भाऊ वाचला.