बेचाळीस चाळण्या

छावणीच्या पलीकडे एका शिक्षणसंस्थेचं मुख्य कार्यालय आहे. तिथल्या जिन्याखालच्या थंड खोलीत बिभीषणनं चौदा वर्षं काढली. संस्थेच्या बेचाळीस महाविद्यालयांची सगळी ई-मेल त्याच्या एका सर्व्हरमधून जायची. त्याचा बाप, नाव कारभारी, सिल्लोडकडच्या माळावर मेंढरं राखायचा. कळपात एखादं कमी असलं, तर नुसती नजर फिरवून त्याला न मोजता कळायचं. लेकाकडे तीच नजर आली होती. पत्रांची रांग जरा अडखळली तरी त्याच्या हातातला चहा खाली जायचा.

नाटकात पडदा ओढणारा असतो, तसा हा माणूस. पडदा नीट सरकला तर त्याची आठवण कुणाला होत नाही; अडकला की साऱ्या नाट्यगृहाला त्याचं नाव कळतं.

चौदा वर्षं झाली तरी नोकरी अकरा महिन्यांचीच. अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा आदेश घ्यायचा. त्या एका दिवशीही तो हजेरी न लावता येऊन सर्व्हर बघून जायचा. यंदा संस्था तिघांना कायम करणार होती. बिभीषण चव्वेचाळीसचा झालेला. पुढल्या वर्षी वयाची अट आडवी येणार. यंदा नाही तर कधीच नाही.

आणि प्रवेशाच्या ऐन आठवड्यात, सोमवारी सकाळी अकराला सर्व्हर थांबला. पडद्यावर एकच ओळ: मेमरी देता येत नाही.

"भाऊ, फोन थांबंना झालेत," शेजारच्या टेबलावरची अंबिका म्हणाली. "पोरांचे अर्ज अडकले म्हणं. काय सांगू? मशीन म्हातारं झालं?"

"मशीन ठणठणीत हाय, ताई. अर्धी मेमरी रिकामी पडलीय."

"मग देत का नाय?"

"दुसऱ्यांना शब्द देऊन बसलंय ना."

बेचाळीस प्राचार्य, म्हणजे बेचाळीस मानापमान. आलेल्या पत्रातला व्हायरस अडवायला सगळ्यांत मिळून एक चाळणी पुरली असती. पण एका प्राचार्यांना वेगळी दिली, तेव्हा दुसऱ्यांनी विचारलं, "आम्ही काय सावत्र?" असं करत बेचाळीस झाल्या. प्रत्येक चाळणी आपल्या नावानं भरपूर मेमरी राखून ठेवायची आणि वापरायची चिमूटभर. पुढच्या पाच रांगा पाहुण्यांसाठी राखीव ठेवाव्यात, पाहुणे फिरकू नयेत, आणि तिकीट काढून आलेला रसिक दारात ताटकळावा, तसं चाललं होतं. ही राखीव जागांची शिस्त बिभीषणनंच लावलेली. त्याआधी मशीन सगळ्यांना हो म्हणायचं आणि खरी गर्दी झाली की भर प्रयोगात कुणाला तरी हाताला धरून बाहेर काढायचं, म्हणजे एखादं चालू काम मधेच बंद पाडायचं. एकदा नेमकं संस्थेच्या सचिवसाहेबांच्याच पत्रव्यवहारावर ते बेतलं होतं. मेमरी वाढवून मागणारे त्याचे तीन अर्ज वर कुठल्याशा कपाटात पडून होते.

राखलेली किती आणि वापरातली किती, हे आकडे त्यानं शेजारी शेजारी मांडले. मग बेचाळीसही चाळण्या बंद करून सगळ्यांत मिळून एकच सुरू केली. दहा मिनिटांत नऊ हजार पत्रं सुटली. अंबिकानं टाळी वाजवली. चौदा वर्षांत त्याला मिळालेली ती पहिली टाळी.

पण प्रत्येक पत्राखाली ज्या त्या महाविद्यालयाचं नाव घालून 'यांच्या चाळणीतून तपासले' अशी ओळ यायची. तिथं आता 'सामाईक' असा शब्द आला. दुपारी प्राचार्य बद्रीनाथांचा फोन.

"आमचं नाव तू काढलंस?"

"सर, पत्रं सुरू झाली. अर्ज पोचले पोरांचे."

"पत्रं गेली खड्ड्यात! सामाईक म्हंजे काय रे? धर्मशाळेत बसवलं व्हय आम्हाला?"

संध्याकाळपर्यंत सचिव विश्वजीतरावांकडे असे एकोणीस फोन गेले. मंगळवारी त्यांनी बिभीषणला बोलावलं. आवाज अगदी मऊ.

"काम चोख केलंस, मला कळतं. पण माणसं दुखावली. पहिल्यासारखं करून ठेव. आणि लिहून दे, लेखी परवानगीशिवाय सर्व्हरला हात लावणार नाही."

"सर, पुन्हा अडकंल."

"तेव्हाचं तेव्हा बघू. आज पाचला कायम करायच्या समितीची बैठक. त्याआधी बेचाळीसही प्राचार्यांना माफीपत्र गेलं पाहिजे. वेगवेगळं हं, सामाईक नको. मग तुझं नाव मी मांडतो. शब्द देतो."

बिभीषणनं बेचाळीस चाळण्या पुन्हा मांडल्या, कागदावर सही केली आणि माफी मागायला बसला. 'आपल्या सन्मानास माझ्याकडून बाधा पोचली.' एकेका नावानं, एकेक पत्र. सव्वाचारला सत्ताविसावं गेलं. अठ्ठाविसाव्याला मशीन म्हणालं: मेमरी देता येत नाही.

"बंद करा की धा-पंधरा चाळण्या," अंबिका कुजबुजली. "कोण बघतंय?"

"लिहून दिलंय, ताई. सही हाय माझी."

तो जिना चढून वर गेला. सचिवांच्या दारात शिपाई रामेश्वर उभा.

"बैठकीआधी कुणालाच सोडायचं नाय, हुकूम हाय. साहेबांचा फोन बी बंद. परवानगीचं असंल तर मेल टाका, भाऊ."

बिभीषण हसला. असं हसला की रामेश्वरनं घाबरून त्याचा हात धरला.

विश्वजीतरावांनी नाव मांडलं, हे खरं. पण पंधरा प्राचार्यांना माफी पोचलेली नव्हती आणि त्यातले चार समितीत बसले होते. 'हा माणूस अजूनही ताठ्यातच दिसतो,' असा शेरा पडला आणि नाव तिघांतून गळालं.

लेखी परवानगी बुधवारी कागदावर आली: चाळण्या तात्पुरत्या बंद करण्यास हरकत नाही. त्यानं बंद केल्या. रांग सुटली. आधी त्याच्या पंधरा माफ्या गेल्या, मग कायम झालेल्या तिघांची यादी. पहिलं उत्तर बद्रीनाथांचं आलं. 'पत्र मिळाले. आमच्या मनात काही नाही.'