रोजचा एक अर्थ

उस्ताद एका दिवशी एकच अर्थ सांगत. कितीही गळ घातली तरी दुसरा नाही. "अर्थ पळून थोडी जाऊन राहिले? उद्या ये," म्हणायचे.

चिखल्याच्या उपकेंद्रात मी नर्स होते. उस्ताद खाणीतून निवृत्त झालेले. मुलांना अरबी शिकवत, म्हणून सगळी कॉलनी त्यांना उस्ताद म्हणे. बिड्यांनी फुफ्फुसं खाल्ली आणि ते ऑक्सिजनच्या मशीनला बांधले गेले. नळी उंबरठ्यापर्यंत पुरायची, अंगणात नाही. एकदा त्यांच्या घरी नाडी बघताना मी सहज "ऐन भाताच्या रोवणीत सुटी मिळत नाही" म्हणाले, तर त्यांनी माझा हातच धरला. "हा ऐन अरबीतला आहे बेटी. याचे अर्थ तुले सांगतो."

पहिल्या दिवशी डोळा. मग झरा, मग हेर. दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस, या अर्थाला तर ते खुललेच. "म्हणजे आपली झड. वाळवंटात बसून त्या अरबायले झडीची काय पडली होती?" हसता हसता धाप लागली. मी बराच वेळ पाठ चोळत बसले.

खरं सांगते, मला त्यांचा रागही यायचा. सगळे अर्थ सांगणं पाच मिनिटांचं काम, आणि हा म्हातारा मला रोज उद्याला बांधून ठेवायचा. एखादा दिवस चुकला तर सून सांगे, "बाबा जेवलेच नाही." माझी लेक भंडाऱ्याला आजीजवळ. तिथली बदली मिळत होती, ती मी नाकारली. कारण कोणाला सांगितलं नाही, पण बदली नाकारल्याचं उस्तादांना कुठून तरी कळलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर रोज उघडा असायचा तो जाडजूड अरबी कोश मांडीवर मिटलेला.

"भंडाऱ्याले काहून नाही म्हटलं?"

मी नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं.

"लेकरू वाट पाहून राहिलं असंल." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आज शेवटचा सांगतो. ऐन म्हणजे ती वस्तू स्वतःच. बस. संपले सारे."

मला अरबी वाचता येत नाही. पण सांगून झालेल्या प्रत्येक अर्थापुढे पेन्सिलीची खूण मीच करायचे. अर्ध्याहून जास्त पान अजून खुणेविना होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. नुसतं "उस्ताद, अजून कितीतरी आहेत" म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही, कारण मला जायचं होतं.

"संपले का?" एवढंच मी म्हणाले, आणि मोकळी झाले. उस्ताद खाटेवर तसेच बसून राहिले.