झिऱ्यातला हत्ती

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मांजरेच्या कोरड्या पात्रात आम्हांला हत्ती सापडला आणि त्याच्यापायी माझ्या दाजींचा डोळा गेला.

आमचं गाव वाशीच्या उत्तरेला, नदीच्या काठी. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. वस्तीनं छप्पन सालच्या लाटेत बौद्ध धम्म घेतला होता, पण पाण्याच्या बाबतीत गाव होतं तिथंच होतं. गावविहिरीवर आमच्या बायका एका कडेला उभ्या राहायच्या आणि कुणाच्या मनात आलं तर त्यांच्या घागरीत वरून ओतलं जायचं. त्या साली तीही विहीर खडखडीत झाली. टँकर यायचा तो वरच्या गल्लीत. खाली येईस्तोवर त्याची तोटी नुसती सूं सूं करायची.

मी तेव्हा उस्मानाबादच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. घरी खायला नाही म्हटल्यावर कॉलेज सोडून आलो आणि दुष्काळी कामावर खडी फोडू लागलो. अक्का आणि दाजीही आमच्याकडंच राहायला आलेले. दाजींचं काम विहिरी खोदायचं. माणूस उंचापुरा, बोलायला कमी, पण एकदा तापला की आवरायचा नाही. एका सकाळी ते नदीत फिरून आले आणि माझ्या बाला म्हणाले, "मामा, वाळूखाली ओल हाय. वळणाजवळ झिरा मारू. खोल जावं लागंल, पर पानी लागंल."

सगळी वस्ती खोदायला लागली. वाळू संपली, पिवळी माती लागली, तिच्याखाली सिमेंटासारखी घट्ट खडी. तिथं दाजींची पहार कशावर तरी आदळली आणि वेगळाच आवाज झाला. दगड असेल म्हणून त्यांनी कडेनं उकरलं, तर ते हाड निघालं. आम्ही हातांनी माती काढत गेलो. बैलगाडीच्या चाकाएवढं डोकं, पुढं मोडका सुळा, जबड्यात एकच दाढ. दाढेवर टाकी लावलेल्या पाट्यासारख्या आडव्या रेघा. मी पुस्तकात चित्र पाहिलं होतं.

"हत्ती हाय," मी म्हणालो.

"मांजरंला हत्ती कुठला आला?" दाजी हसले. त्या उन्हाळ्यात ते हसलेले मी तेवढंच पाहिलं.

डोक्याच्या खालच्या अंगानं खडी ओलसर झाली होती. आणखी हातभर खणलं तर पाणी पाझरू लागलं. गढूळ, पण गार. अक्कानं ओंजळ भरून आधी आपल्या पोरीला पाजली, मग स्वतः प्याली.

बातमी दुपारपर्यंत वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सोसायटीचे चेअरमन, त्यांचा धाकटा भाऊ आणि चांगली पन्नासेक माणसं नदीत उतरली. ताटात नारळ, शेंदूर, हार. चेअरमन झिऱ्याच्या काठावर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "गजानन परगट झालाय. आजपासून ही देवाची जागा. हितं कुणी शिवाशिव करायची न्हाय."

दोन माणसं खाली उतरली. त्यांनी त्या कवटीला शेंदूर फासला, सुळ्यात हार अडकवला. मागून एक बैलगाडी आली. तिच्यात सोसायटीचं डिझेल इंजिन होतं आणि पाईप होते.

"इंजिन कशाला?" बानं विचारलं.

"अभिषेकाला पानी न्यायचंय."

पाईप ज्या दिशेनं टाकत होते त्या दिशेला देऊळ नव्हतं. चेअरमनची मोसंबीची बाग होती. सगळ्या शिवारात तेवढीच हिरवी उरलेली.

दाजी म्हणाले, "देवाला मोसंबी आवडत्यात व्हय?"

कुणीतरी हसलं. ते हसू चेअरमनच्या भावाला लागलं. अक्का घागर भरून वर येत होती. त्यानं घागरीला लाथ घातली. घागर फुटली, अक्का खापरांवर पडली. ती उठायच्या आत त्यानं हातातला पाईप तिच्या पाठीत मारला.

दाजींनी त्याला उचलून वाळूत आपटलं.

मग कोण कुणाला मारतंय ते कळेनासं झालं. ज्याच्या हातात जे होतं तेच हत्यार झालं. खोरी, टिकाव, बैलगाडीचे खुंटे, नदीतले गोटे. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचं कपाळ फुटून त्याच्या मिशा लाल झाल्या, तरी तो उभा राहून शिव्या देत होता. एका बाईनं खोऱ्याच्या दांड्यानं एकाचा हात मोडला. मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला तिघांनी पाडलं. एक जण मानेवर गुडघा देऊन बसला आणि माझ्या तोंडात वाळू कोंबू लागला. "पी पानी, पी," म्हणत होता. मी त्याचं बोट दातांत धरलं आणि तो ओरडेपर्यंत सोडलं नाही. तोंडात वाळू आणि त्याचं रक्त एक झालं.

उठलो तेव्हा दाजी चेहऱ्यावर हात धरून उभे दिसले. इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल कुणीतरी त्यांच्या तोंडावर हाणलं होतं. बोटांतून रक्त आणि आणखी काहीतरी ओघळत होतं. चेअरमनचा भाऊ मारामारीत झिऱ्यात पडला होता, कवटीला टेकून उठायला बघत होता. दाजींनी पहार उचलली आणि खाली उडी घेतली.

वरची सगळी माणसं थिजली. चेअरमन ओरडले, "अरं, धरा त्येला! मारतोय त्यो!"

दाजींनी पहार डोक्यावर उचलली. खाली पडलेल्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले. पहार त्याच्या कानाशेजारून गेली आणि कवटीत शिरली. बाहेरून दगडासारखी दिसणारी कवटी आतून मोहळासारखी पोकळ निघाली. एका घावात तिच्या कपच्या उडाल्या. दाजी घालतच राहिले. सुळा तुटला, जबडा फुटला, शेंदूर लागलेले तुकडे पाण्यात पडले.

"आता सांगा," ते खालून ओरडले, "कुठं हाय तुमचा देव? पानी ऱ्हायलंय नुसतं. पानी!"

चेअरमनच्या भावाला त्याच्या माणसांनी ओढून काढलं. मग वरून दगड सुरू झाले. गोट्यांचा पाऊसच. दाजींना आम्ही ओढून काढलं. ते बेशुद्ध होते. त्यांना गाडीत घालून आम्ही दवाखान्याकडं निघालो आणि इकडं दुपारी वस्तीतली छपरं पेटली. बा एकटेच विझवायला धावले. विझवायला पाणी नव्हतं म्हणून ते माती टाकत राहिले. त्यांच्या हातांची कातडी सोलून निघाली, ती नंतर कधी नीट आलीच नाही.

संध्याकाळी पोलीस आले. दोन्हीकडची माणसं नेली. दाजींचा डोळा काढावा लागला. देवाची विटंबना केली म्हणून त्यांच्यावर खटला, मारहाण आणि जाळपोळ केली म्हणून वरच्यांवर. तारखा पडत राहिल्या, साक्षीदार फुटत गेले आणि शेवटी दोन्ही खटले तडजोडीत संपले. मात्र पोलिसांनी झिऱ्यावर एक शिपाई बसवला. इंजिन परत गेलं. पाऊस पडेपर्यंत आमच्या बायकांनी त्या शिपायासमोर पाणी भरलं. वरच्या गल्लीतल्या बायकाही नंतर येऊ लागल्या. दोन रांगा होत्या, पण झिरा एकच.

मी दाढ उचलून आणली होती. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर सरांना दाखवली. ते म्हणाले, ही आताच्या हत्तीची नाही. त्याहून थोराड, नामशेष झालेल्या जातीची असावी. हिमयुगातली. "म्हणजे इथं बर्फ होतं?" मी विचारलं. "बर्फ नव्हतं. पण पाऊस कमी-जास्त होत गेला. नद्या आटल्या, पुन्हा वाहिल्या."

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झालो. पाच-सहा वर्षांपूर्वी एक संशोधक बाई घरी आल्या. कुणाकडून तरी त्यांना दाढेचं कळलं होतं. त्यांनी बारीक ड्रिलनं दाढेला भोक पाडून भुकटी नेली. जुन्या हाडांतला डीएनए शोधतात, म्हणाल्या. काही महिन्यांनी त्या परत आल्या. दाढेत काही उरलं नव्हतं. आपल्याकडच्या उन्हात डीएनए लवकर मोडून जातो.

दाजी आणि अक्का त्या दिवशी आमच्याकडंच होते. दाजींनी विचारलं, "थंड मुलखातल्या हाडांत काय सापडतं?"

बाईंनी सोपं करून सांगितलं. हवा बदलली तेव्हा सगळी जनावरं एकाच वाटेनं गेली नाहीत. काही आपल्याला मानवणाऱ्या हवेमागं सरकत गेली. काहींची संख्या घटत घटत मूठभर उरली आणि तरी ती तगली. काही बराच काळ भरभराटीत होती आणि मग संपली. कुठं हवामानाचा वाटा जास्त, कुठं माणसाचा. त्यावर अजून वाद आहे. "तुमच्या हत्तीचं काय झालं ते मात्र कळणार नाही," त्या म्हणाल्या. "कवटी असती तर थोडी आशा होती. कानाजवळचं हाड फार टणक असतं, त्यात डीएनए टिकला तर टिकतो. कवटी कुठं गेली?"

मी दाजींकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"म्याच फोडली."

बाईंचा चेहरा पडला. "अहो, का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

अक्का तोवर दारात गहू निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "बाई, तुमी हाडाचं विचारलं, आता माझं ऐका. ह्या पाठीत पाईप बसला त्येचा वण अजून हाय. थंडीत दुखतंय. तुमी हत्तीचं लिव्हनार, तर हेबी लिव्हा."

बाई खुर्चीवरून उठून तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "सांगा," म्हणाल्या. अक्का अगदी पहिल्यापासून सांगू लागली. टँकरपासून, कोरड्या तोटीपासून.

घागरीपर्यंत आली तेव्हा दाजी उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. त्या दिवसाबद्दल ते कुणाचंच ऐकून घेत नाहीत, अक्काचंसुद्धा नाही.