काळा धागा आणि अकराची नोंद

आंजी गावच्या बापूराव ताकसांडेचा कुणावर विश्वास नसे, आणि ही गोष्ट तो लपवतही नसे. गावाच्या पाण्याच्या टाकीवर त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली. संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद केला की चाकाला काळा धागा बांधायचा. सकाळी धागा तुटलेला दिसला, म्हणजे तिथं कुणाचा तरी हात फिरला. माणूस खोटं बोलतो, मीटरही बोलतं. धागा बोलत नाही, असं तो म्हणे.

पुण्याला नोकरीत असलेल्या त्याच्या लेकीनं, जागृतीनं, पाच जुने कॉम्प्युटर गावच्या विहारातल्या वाचनखोलीला पाठवले. ते चालवणारं कुणी नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतर बापूरावच शिकायला बसला. पेनड्राईव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची, अडली की पुसून पुन्हा चढवायची. सात वेळा पुसली, आठव्यांदा नीट बसली. चार कॉम्प्युटर पोरांच्या अभ्यासाला, पाचवा त्या चौघांवर लक्ष ठेवणारा. त्याला माउस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. कोण कधी आत आलं, हे तो आपोआप लिहून ठेवतो, हे कळल्यावर बापूरावाला वाटलं, हा गडी आपल्याच वळणाचा.

या पाचव्याचा पासवर्ड एकट्या बापूरावाकडं. दुपारचा चहा झाला की साडेचारला तो त्यावर बसायचा. महिन्याभरानं त्यानं पहिल्यांदा ती नोंद उघडली. ओळीमागून ओळ, नाव त्याचंच, वेळ मात्र सकाळचे अकरा. अकराला तर तो वावरात असतो.

खोलीच्या किल्ल्या दोन. दुसरी कमलाबाईकडं. वीस वर्षं विहार झाडणारी ही बाई रोज अकरालाच खोली उघडायची. तिचा भाचा अंकित सेलूला मोबाईल दुरुस्त करतो. पासवर्ड बापूरावानं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला, आणि वही खोलीतच. दोन दिवस तो विहारासमोरच्या कडुनिंबाखाली बसून राहिला. दुसऱ्या दिवशी अकराला अंकितची मोटरसायकल दारात थांबली. झालं.

पायरीवर चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच तो म्हणाला, "किल्ली द्या, कमलाबाई."

"काऊन?"

"अकरा वाजता कोणीतरी माया नावानं आत बसून राह्यलं."

कमलाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. "मले घरचा टीव्ही लावता येत नाई, भाऊ. तुमच्या नावानं मी काय बसू?"

"तुमचा अंकित त येते ना."

"येते. माया बीपीच्या गोळ्या घेऊन येते." तिनं पदराची गाठ सोडली. "घ्या. वीस वर्षं पदराले होती. आता गाठ कशाची बांधू, थेही सांगा."

बाया खाली पाहू लागल्या. बापूरावानं कुलूप लावलं आणि कडीला काळा धागा बांधला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला धागा जसाच्या तसा होता. दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात. तो आत गेला, काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड टाकला, नोंद उघडली. सर्वांत वरची ओळ आजचीच होती: बापूराव, सकाळी अकरा, अजून आतच आहे.

त्यानं मागं वळून पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. खोलीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. इतके दिवस तो अकराचा चोर शोधत होता. साडेचारचा बापूराव कुठं गेला, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. साऱ्या नोंदीत साडेचारची एकही ओळ नव्हती. त्यानं कॉम्प्युटरला वेळ विचारली. घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागं, ग्रिनिचच्या वेळेवर चालत होतं; इथं साडेचार, तिथं अकरा. सिस्टिम चढवताना तिनं गाव विचारलं नव्हतं, यानंही सांगितलं नव्हतं. भारताची वेळ लावायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

कुलूप लावून, सवयीनं कडीला पुन्हा धागा बांधून, तो किल्ली घेऊन कमलाबाईच्या घरी गेला. ती तूर निवडत होती. तिनं हात पुढं केला नाही.

"सापडला चोर?"

"सापडला. मीच होतो."

"मंग त्याच्यापाशी दोन-दोन किल्ल्या कशा?" ती सुपातच पाहत म्हणाली. "चार बायांसमोर घेतली ना, भाऊ? उद्या अकरा वाजता येजा."

दुसऱ्या दिवशी अकराला बापूराव वावर सोडून आला. बाया होत्याच. चूक माझी होती, कमलाबाईची नाही, एवढं तो मोठ्यानं बोलला आणि किल्ली दिली. तिनं पदराला दोन गाठी मारल्या. मग खोलीकडं गेली.

"हे काय लटकून राह्यलं कडीले?"

कमलाबाईनं धागा तोडला आणि केरासोबत झाडून बाहेर काढला.