मचवा पाण्यात ठेवला ते वर्ष

आमच्या पाचूबंदरात मिरग जवळ आला की जो तो दुसऱ्याला एकच विचारायचा, "तुमचा मचवा कधी वर काढताय?" वर काढायचा म्हणजे किनाऱ्यावर ओढून घ्यायचा आणि पावसाळाभर नारळीच्या झापांखाली झाकून ठेवायचा. दुसरी रीत होती ती पाण्यात ठेवायची. खाडीच्या आत, वारा लागणार नाही अशा गाळाच्या कोपऱ्यात मचवा न्यायचा, दोन्ही अंगांनी दोर बांधायचे आणि पाऊस संपेपर्यंत तिथेच सोडायचा. हौसेने असं कुणी करत नसे. ज्याला वर ओढायला माणसं मिळत नाहीत त्याच्यावर ही पाळी यायची. माझ्या सासऱ्यांना तर अख्खी पाखाडी, म्हणजे सगळी आळी, मदतीला होती. तरी एका वर्षी त्यांनी मचवा पाण्यात ठेवला. का ठेवला ते सांगते, आणि सांगताना माझं डोकं तापलं तर तापू दे. इतकी वर्षं गार ठेवून काय मिळालं मला?

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. इंजिनं नव्हती, सगळे शिडाचे मचवे. मी अर्नाळ्याची, लग्न होऊन पाचूबंदरला आले होते. घरात सासू, सासरे, माझा नवरा आणि मी. नवरा एकुलता एक. शांत माणूस, बापाच्या शब्दाबाहेर नाही. लहानपणापासून त्याच्या छातीत कफ धरायचा, पावसाळ्यात तर श्वास घेताना शिट्टी वाजायची. हे पाखाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला जन्म देणाऱ्यांना तर होतंच होतं.

आता मचवा वर काढायची आमची चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एवढं मोठं धूड एका घराच्या माणसांनी हलत नाही. खाली तेल लावलेले ओंडके घालायचे आणि पाखाडीतल्या सगळ्या पुरुषांनी मिळून ओढायचं. पण माणसं आपण होऊन येत नसत. आदल्या दिवशी मचव्याच्या मालकाने स्वतः, डोक्यावरची टोपी काढून हातात धरून, दारोदार जायचं आणि म्हणायचं, "उद्या हात लावायला या." मुलाला पाठवलेलं चालत नसे, निरोप चालत नसे. सुरुवात भाऊकीतल्या थोरल्याच्या दारापासून करायची. आणि एक दार जरी चुकवलं तरी कुणीच यायचं नाही. आज त्याचं दार चुकवलं, उद्या आमचं चुकवशील, असा सरळ हिशेब.

आमच्या भाऊकीतले थोरले म्हणजे सासऱ्यांचे सख्खे मोठे भाऊ. घर भिंतीला भिंत लागून. त्या वर्षी हिवाळ्यात दोघांचं बोलणं तुटलं होतं. कशावरून? जमिनीवरून नाही, जाळ्यावरून नाही. बोंबील सुकत घालायच्या काठ्या थोरल्यांनी आमच्या अंगणात वीतभर आत रोवल्या म्हणून! सासऱ्यांनी त्या उपटून फेकल्या, आणि थोरले चारचौघांत, रविवारची मिसा, आम्हा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना, सुटून माणसं देवळाबाहेर उभी असताना म्हणाले, "ह्याला मानूस म्हनून कोन इचारतं? बापाने ठेवलेला मचवा हाय म्हनून ह्याला लोक वळखतात." सासऱ्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की घरी येऊन जेवलेच नाहीत. त्या दिवसापासून भावाचं नाव घरात काढायचं नाही असा हुकूम झाला.

मिरग आला. शेजारचे मचवे एकेक करून वर चढले. सासू एकदाच म्हणाली, "जा ना, दोन शब्द बोलून या. टोपी काढल्याने डोकं झिजतं का?"

सासरे पान खात बसले होते. म्हणाले, "कोनाच्या दारात जानार नाय मी. मचवा पान्यात ऱ्हाईल."

आणि मग त्यांनी कारणं काढली. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. म्हणे, वर काढलेलं लाकूड सुकतं, फळ्यांच्या सांधी उघडतात, मग राळ भरत बसा. पाण्यात लाकूड फुगलेलं राहतं, सांधी मिटलेल्या राहतात. म्हणे, लाकूड पोखरणारा किडा खाऱ्या पाण्यातला, पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, किडा आपोआप मरतो. सगळं पटण्यासारखं बोलत होते हो! खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त खरं कारण त्यात नव्हतं, आणि ते आम्हा चौघांनाही माहीत होतं.

पाण्यातल्या मचव्याला राखण लागते. पावसाचं पाणी आत साचतं, ते रोज उपसायला हवं. भरती-ओहोटीला दोर सैल करायचे, ताणायचे. मचव्यावरचे गडी पावसाळ्यात भातलावणीला आपापल्या गावी जायचे. उरलं कोण? सासरे नवऱ्याकडे बघून म्हणाले, "तू ऱ्हा मचव्यावर. का मी म्हातारा जाऊन बसू?"

नवऱ्याने हो म्हणून मान हलवली. मी बोलले, सुनेने बोलायचं नसतं तरी बोलले. "बाबा, त्यांच्या छातीला सोसनार नाय. पावसात चार महिने?"

"कोळ्याचा पोर हाय का बामनाचा?" एवढंच म्हणाले, आणि पानाची पिंक टाकायला बाहेर गेले. सासूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने भांडी आवरायला घेतली.

मचवा नायगावच्या अंगाला, मिठागरांच्या पलीकडच्या एका वळणात नेऊन बांधला. शिडाच्या काठीवर ताडपत्री टाकून नवऱ्याने आडोसा केला. उपसायला कापलेला घासलेटचा डबा. रोज दुपारी मी भाकरी आणि कालवण घेऊन मिठागराच्या बांधाबांधाने जायची. बांध निसरडे, दोन्ही बाजूंना पाणी, डोक्यावर इरलं. ओहोटी असली तर गुडघाभर गाळ तुडवत मचव्यापर्यंत पोचायचं. वर मात्र चढायचं नाही! बाईचा पाय मचव्याला लागता कामा नये, हा सासऱ्यांचा दुसरा हुकूम. मी गाळात उभी राहून टोपलं वर करायची, तो वाकून घ्यायचा. भर पावसात तो खोकत खोकत पाणी उपसायचा आणि मी, दोन धडधाकट हातांची बाई, खालून बघत राहायची. एकदा म्हटलं, "मी चढते, कोन बघतंय?" तर तो घाबरला. "नको गं, बाबांना कळलं तर." बाप मैलभर लांब घरी बसलेला, आणि हा इथे त्याला भितोय. राग मला त्याचाही आला, खोटं कशाला बोलू.

अंगावरचे कपडे वाळायचे नाहीत. एके दिवशी तो भिजून गारठून घरी आला, चुलीजवळ बसला. मी पेज वाढली. सासरे आत आले, त्याला पाहिलं आणि म्हणाले, "मचवा कोनाच्या भरवशावर सोडलास?" तो म्हणाला, "बाबा, जरा ऊब घेतो." सासऱ्यांनी त्याच्या हातातली वाटी काढून घेतली. हिसकावली नाही, हळूच काढून घेतली, खाली ठेवली आणि दार दाखवलं. तो उठला आणि गेला. पेज तशीच वाफाळत राहिली. मला आजही पेजेची वाफ पाहवत नाही.

त्याच दिवशी मी थोरल्यांच्या दारात गेले. कुणाला न विचारता गेले. थोरले ओटीवर जाळं शिवत होते. मी खाली बसले, त्यांचे पाय धरले. म्हटलं, "मोठे बाबा, तुमचा पुतन्या मरतोय तिथं. मानसं घेऊन चला, मचवा वर काढा. मी हाक मारते तुम्हांला."

थोरल्यांनी सुई थांबवली नाही. "तू बाईमानूस. तुझी हाक चालते का? त्याला येऊ दे. टोपी काढून येऊ दे, उद्या सकाळी मचवा वर."

"आनि नाय आले तर?"

"तर ऱ्हाऊ दे पान्यात. त्यालाच पानी लय आवडतं ना!" आणि ते हसले. घरातून त्यांची सूनही हसली. मी तिथून उठले. दोघे भाऊ एका मुशीतले होते. एक दारात जायला तयार नाही, दुसरा दार उघडायला. आणि मधल्या भिंतीत माझा नवरा चिणला जात होता.

घरी येऊन मी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं, थोरले काय म्हणाले ते. वाटलं, लाजेने तरी उठतील. ते म्हणाले, "माझी अब्रू घेऊन त्याच्या ओटीवर गेलीस?" आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढे नवऱ्याला ताप भरला. मी भाकरी घेऊन गेले तर त्याने टोपलं घ्यायला हात पुढे केला नाही. मचव्यात पाणी साचलं होतं आणि तो त्यातच पाठ टेकून बसला होता, डबा मांडीवर. मी चढले मचव्यावर. हो, चढले! बाईचा पाय लागला मचव्याला, आणि आकाश काही कोसळलं नाही. मिठागरावरच्या एका माणसाला हाका मारून बोलावलं, आम्ही दोघांनी नवऱ्याला उचलून बांधावर आणलं आणि तिथून बैलगाडीने घरी. सासरे दारात उभे होते. मुलाकडे बघून त्यांनी पहिलं विचारलं, "मचव्यात पानी किती हाय?"

वसईहून डॉक्टर आले. छाती ऐकली, न्यूमोनिया म्हणाले, इतके दिवस काय करत होतात म्हणाले. पाद्री येऊन शेवटचं तेल लावून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, तो गेला. जाताना मला म्हणाला, "दोर सैल कर." त्याला वाटत होतं तो मचव्यावरच आहे.

आणि मग मी जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. मयतीलाही आमच्यात तीच चाल. देवळाची घंटा वाजते, बातमी सगळ्यांना कळते, पण घरचा कर्ता स्वतः दारात आल्याशिवाय खांदा द्यायला कुणी उठत नाही. सासरे उठले. टोपी काढली. मी उंबऱ्यात बसले होते, माझ्यासमोरून गेले. आधी थोरल्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "हात लावायला या."

चारच पावलं होती हो ती! बाळंतीण बाई चालेल एवढं अंतर. मिरगात चालले असते तर माझा नवरा जिवंत असता. मी ओरडले, "आता जमलं का?" बायकांनी मला धरून आत नेलं. म्हणाल्या, बिचारीचं डोकं फिरलंय.

माणसं आली. एकूण एक घरातून आली. थोरल्यांनी पेटीला पुढचा खांदा दिला आणि ढसाढसा रडलेसुद्धा. दोघे भाऊ सिमेतरीत, पेटी पुरतात तिथेच, एकमेकांच्या गळ्यात पडले. लोक म्हणाले, बरं झालं, भाऊ एक झाले. असं म्हणाले! माझ्यासमोर!

एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसले असते. पण मातीहून परत येताना थोरले म्हणाले, सगळे जमलेच आहेत, पुन्हा कुठे हाका मारत फिरायचं, मचवा आणून वर काढून टाकू. भरतीही होती. मी घरात काळं नेसून बसले होते आणि किनाऱ्यावरून आवाज आला, "हैस्सा! जोर लगा, हैस्सा!" नवऱ्याच्या मयतीचे कपडे अंगावर, आणि तालात ओढत होते. मध्येच कुणाचा तरी पाय घसरला असावा, कारण माणसं हसली. मी कानांवर हात दाबले. सासू उठली आणि ओढणाऱ्यांसाठी चहाचं आधण ठेवायला गेली.

पावसाळा सरला. मचवे खाली सोडायच्या आधी सुतार फळ्या तपासायला आला. सासरे सोबत होते, थोरलेही. मला अळशीच्या तेलाचा डबा घेऊन जायला सांगितलं होतं. सुताराने मचव्याच्या पोटावर ठोकून पाहिलं, सांधी पाहिल्या, टोचा घालून पाहिला. एक भोक नाही, एक फळी नरम नाही. पाखाडीतल्या बाकीच्या मचव्यांच्या सांधी सुकून उघडल्या होत्या, आमचा मात्र घट्ट.

सासरे खूश झाले. कित्येक महिन्यांत माझ्याशी बोलले नव्हते, ते वळून माझ्याशीच बोलले. "बघितलंस? मी बोललो होतो का नाय? पान्यात लाकूड मरत नाय."

मी डबा खाली ठेवला. म्हटलं, "हो बाबा. लाकूड नाय मेलं."

थोरल्यांनी मान खाली घातली. सासऱ्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि सुताराला दुसऱ्या अंगाच्या फळ्या दाखवायला घेऊन गेले.