थोरल्याच्या वाटणीची रोपं

होळी होऊन गेली होती. पनवेलच्या आमच्या गच्चीवर आई झेंडूची रोपं पसरट डब्यातून काढून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावत होती. बी तिनेच धरलेलं. मी माती भरून देत होतो. जोमदार रोपं ती खोक्यात ठेवायची, किरटी भिंतीपाशी.

"ही चांगली कुणाला?"

"दादाला."

माझं डोकं फिरलं. थोरल्याने वडिलांचं घर परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. मी कळंबोलीच्या नव्या लोखंड बाजारात घासाघीस करत शून्यातून उभा राहिलो होतो.

"घर त्याला, आता रोपंही त्यालाच? निम्मी निम्मी कर."

"इथे बाजार मांडू नकोस. त्याच्या अंगणात ऊन येत नाही, किरटी तिथे मरतील. तुझ्याकडे काहीही जगतं. तूच नेऊन दे."

"त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

तिने खोका उचलला, पण तिला तो पेलेना. मी तो काढून घेतला आणि त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चाललो. तिथे खोका पुन्हा तिच्या हातांत दिला. ती थांबत थांबत त्याच्या पायरीपर्यंत गेली. दार उघडायच्या आत मी पाठ फिरवली.